आगगाडी की गाडी

आमच्या घरात गाडी चालवायची हौस मला. नवऱ्याला येते चालवता, पण ताम्हिणी घाट लागला की तो आपणहून शेजारच्या सीटवर सरकतो. त्यामुळे २०२५ च्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन इटलीला जायचं ठरलं, तेव्हा माझ्या मनात सगळं पक्कं होतं. रोमच्या विमानतळावर उतरायचं, तिथेच भाड्याची गाडी घ्यायची, आणि फ्लॉरेन्स, टस्कनीतली गावं असं करत करत व्हेनिसला नेऊन सोडायची. नऊ रात्री, चार माणसं, बॅगा डिकीत. हवं तिथे थांबा, हवं तेव्हा निघा.

बाबांचा याला सरळ विरोध. त्यांची मुंबईच्या नोकरीची अठ्ठावीस वर्षं डेक्कन क्वीनच्या पासावर गेली. "पेट्रोलपंपच बघायचे होते तर खोपोलीपर्यंत गेलो असतो की," म्हणाले. नवऱ्याने कुणाचीच बाजू न घेता लॅपटॉप उघडला आणि एक्सेल शीट करायला घेतली. घरात वाद झाला की तो हेच करतो. आईने एकच प्रश्न विचारला, "त्यांच्या रेल्वेत बाथरूम असतं ना?"

तो प्रश्न आम्ही तेव्हा हसण्यावारी नेला.

पहिला आठवडाभर शीटमध्ये माझी गाडीच पुढे होती. रेल्वेचं तिकीट माणशी, गाडीचं भाडं गाडीमागे. एकट्यादुकट्याने जायचं असेल तर हा हिशेब मांडायचीही गरज नाही, पण चौघांत भागलं की गाडी स्वस्त दिसायला लागते. याचा नमुना पुढे रोमला उतरल्याबरोबरच मिळाला. विमानतळावरून शहरात नेणाऱ्या लिओनार्दो एक्स्प्रेसचं तिकीट माणशी १४ युरो, म्हणजे आमचे ५६. जुन्या तटबंदीच्या आत कुठेही जायचं टॅक्सीचं ठरलेलं भाडं ५५, तेही हॉटेलच्या दारापर्यंत. बाबांची पहिलीच रेल्वे एका युरोने हुकली.

मग शीटमध्ये एकेक ओळ वाढायला लागली. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली तर वेगळे पैसे. रोम ते फ्लॉरेन्स पावणेतीनशे किलोमीटर, त्याचा टोल वीसेक युरो. पेट्रोल लिटरला पावणेदोन युरोच्या आसपास, आणि तेही पंपावर स्वतःच्या हाताने भरलं तर. पंपावरच्या माणसाने भरून दिलं तर जास्त पडतं, त्यासाठी रांगच वेगळी असते. गिअरची गाडी स्वस्त, ऑटोमॅटिक महाग. आणि बॅगा! फोटोत गोंडस दिसणाऱ्या त्या छोट्या गाडीत चार माणसं बसतात, किंवा चार बॅगा बसतात. दोन्ही हवं असेल तर पुढच्या वर्गातली गाडी घ्या.

हे सगळं मी धरून चालले होते. मला अडवलं ते दोन गोष्टींनी.

पहिली म्हणजे झेडटीएल. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या गाभ्यात ठरलेल्या वेळात फक्त परवाना असलेल्या गाड्यांना जाता येतं. आपल्याकडे गणपतीत लक्ष्मी रस्ता बंद करतात तसंच म्हणा, पण बॅरिकेड नाही आणि अडवायला मामाही नाही. खांबावर एक पाटी आणि एक कॅमेरा. तुम्ही आत शिरता, कुणी काही बोलत नाही, तुम्ही मजेत फिरून बाहेर पडता. कॅमेऱ्याने नंबर टिपलेला असतो. दंड भाड्याच्या कंपनीकडून तुमचा पत्ता काढून घरी येतो, कित्येक महिन्यांनी. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर ते तुमच्या गाडीचा नंबर कळवू शकतात, पण ते आठवणीने करून घ्यावं लागतं. रोम, फ्लॉरेन्स दोन्हीकडे आमची हॉटेलं नेमकी अशाच भागात होती.

दुसरी गोष्ट नवऱ्याने काढली. एका रात्री त्याने शीटमध्ये नवा रकाना घातला: 'गाडी काय करतेय'. रोमच्या तीन रात्री: उभी. फ्लॉरेन्सच्या दोन: उभी. व्हेनिसच्या दोन: उभी, कारण व्हेनिसमध्ये गाडीचा रस्ता पियाझ्झाले रोमा नावाच्या चौकात संपतो, पुढे पाणी. म्हणजे नऊपैकी सात रात्री मी गाडीचं भाडं भरणार, वर ती उभी करायचे रोजचे तीस-चाळीस युरो भरणार. तिचा खरा उपयोग फक्त मधल्या दोन रात्री, टस्कनीच्या खेड्यात. तो रकाना बघून मी बराच वेळ काही बोलले नाही. हरल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

रेल्वेची बाजूही काही सरळ नव्हती, हे बाबांना दोन दिवसांत कळलं. इटलीत वेगवान गाड्यांच्या दोन कंपन्या आहेत: सरकारी त्रेनितालियाची फ्रेच्चारोसा आणि २०१२ पासून धावणारी खासगी इतालो. रूळ तेच, तिकिटं मात्र वेगळी, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. दर विमानासारखे, आधी काढाल तितके कमी. पण सगळ्यात स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. आणि आपला पासपोर्ट पडला भारतीय. तिकिटं स्वस्त असतात तेव्हा व्हिसा हातात नसतो, आणि व्हिसा हातात येतो तोवर तिकिटं चढलेली असतात. गाडीचं बुकिंग मात्र आम्हाला आदल्या दिवसापर्यंत फुकट रद्द करता येणार होतं. या एका मुद्द्यावर मी परत उसळी मारली. बाबा म्हणाले, "व्हिसा आल्याशिवाय एकही तिकीट काढायचं नाही, चार पैसे जास्त गेले तरी चालतील." तसंच केलं. रोम-फ्लॉरेन्सचे चौघांचे मिळून दीडशे युरोच्या आत बसले. आधी काढली असती तर शंभराच्या आत आली असती.

आईला भीती संपाची. २०२१-२२ चा एसटीचा संप ती विसरलेली नाही, तेव्हा मावशीकडे जायचं तिचं किती महिने राहिलं होतं. इटलीत रेल्वेचे संप होतात आणि बऱ्यापैकी होतात, पण ते आधी जाहीर करावे लागतात, आणि संपातही काही गाड्या सोडाव्याच लागतात. कामाच्या दिवशी लोकल गाड्या सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ, आणि लांब पल्ल्याच्या ठरावीक गाड्यांची यादीच असते. "बघ, संपाचंही टाइमटेबल!" बाबा कौतुकाने म्हणाले. आईला यात कौतुकाचं काय ते कळलं नाही.

शेवटी ठरलं ते असं: रोमहून फ्लॉरेन्स रेल्वेने. फ्लॉरेन्स पाहून झालं की दोन दिवस गाडी, तिने टस्कनीचा दक्षिण भाग. गाडी परत फ्लॉरेन्सलाच द्यायची, म्हणजे दुसरीकडे सोडायचे पैसे वाचले. तिथून व्हेनिस रेल्वेने. गाडी घ्यायची कुठून यावर अजून एक छोटी लढाई झाली. फ्लॉरेन्समधली भाड्याच्या गाड्यांची बरीच ऑफिसं नदीजवळ, स्टेशनपासून चालत जाण्यासारखी आहेत. पण ती झेडटीएलच्या तोंडाशीच. एक वळण चुकलं की कॅमेरा. म्हणून आम्ही विमानतळावरचं ऑफिस निवडलं. स्टेशनजवळून ट्राम आहे, वीसेक मिनिटांत पोचवते, आणि बाहेर पडलं की थेट मोठा रस्ता.

कागदपत्रांत मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं आंतरराष्ट्रीय परवान्याचं काम. आरटीओचा फॉर्म ४ए, हजार रुपये फी, मुदत एक वर्ष. इटलीत तो नुसता चालत नाही, सोबत आपलं मूळ लायसन्सही लागतं. अडलं ते कार्डावर. गाडी माझ्या नावावर, म्हणजे अनामत रोखायला क्रेडिट कार्डही माझ्याच नावाचं हवं. मी आयुष्यभर नवऱ्याच्या कार्डावर भागवलेलं. फॉरेक्स कार्ड चालेल असं मी गृहीत धरलं होतं, ते या कामाला चालत नव्हतं. कपाटात पडलेलं एक जुनं कार्ड काढलं, त्याची मर्यादा वाढवून घेतली, बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार सुरू केले. हे पुण्यात कळलं म्हणून बरं, काउंटरवर कळलं असतं तर तिथूनच ट्रामने परत.

रोमबद्दल इथे काही लिहीत नाही. कॅथलिक चर्चचं ज्युबिलीचं वर्ष होतं, गर्दी प्रचंड, आणि गाडी नाही याचा रोज तीन वेळा आनंद होत होता.

रोमा तेर्मिनी स्टेशनवर बाबा पाऊण तास आधी जाऊन उभे राहिले आणि त्यांची पंचाईत झाली, कारण फलाटाचा नंबर गाडी सुटायच्या जेमतेम पंधरा मिनिटं आधी बोर्डावर येतो. शिवाय बोर्डावर 'फिरेंझे', म्हणजे फ्लॉरेन्सचं इटालियन नाव, असं कुठे दिसेचना. गाडी पुढे जाते तोरीनोला, म्हणून बोर्डावर तोरीनो. तिकिटावरचा गाडीचा नंबर शोधायचा, गावाचं नाव नाही. तो सापडल्यावर चौघं चार बॅगा ओढत निघालो आणि आमचा डबा निघाला पार पुढे. आईचे गुडघे, डब्याच्या पायऱ्या, मागे उभे लोक. नवऱ्याने दोन फेऱ्या मारून बॅगा चढवल्या. डब्याच्या टोकाला ठेवायची जागा असते, ती आमच्या आधीच भरली होती, म्हणून एक बॅग सगळा वेळ माझ्या पायाशी.

पण गाडी सुटली आणि बाबांकडे बघत राहावं असं झालं. हा मार्ग युरोपातला पहिला वेगवान रेल्वेमार्ग, १९७७ ला पहिला टप्पा सुरू झाला आणि १९९२ ला पूर्ण झाला, हे त्यांनी आम्हाला आणि समोरच्या अनोळखी बाईंनाही मराठी-इंग्रजीत सांगितलं. आई एकदा बाथरूमला जाऊन आली आणि "स्वच्छ आहे" एवढं बोलून तिने दशम्यांचा डबा उघडला. दीड तासात फ्लॉरेन्स. गाडीने तीन तास, अधिक गाडी उभी करायला जागा शोधायचा तास. फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेला हे स्टेशन तोंड बंद असलेलं आहे, गाडी आत येते तशीच उलटी बाहेर जाते. "दौंड!" बाबा म्हणाले. दौंडला इंजिन काढून मागे लावायचे ते बघत त्यांनी कितीतरी चहा प्यायलेत. इथे ड्रायव्हर नुसता बॅग घेऊन फलाटावरून दुसऱ्या टोकाला चालत गेला. बाबा थोडे हिरमुसले.

आणि मग माझे दोन दिवस आले.

गाडी हातात घेताना मी चारही बाजूंनी, चाकांच्या आणि छताच्या सुद्धा, हळूहळू चालत व्हिडिओ काढला. काउंटरवरच्या मुलाने विम्याचा कागद पुढे केला, तो पूर्ण वाचला. काच आणि टायर त्यात नव्हते, ते वेगळे घेतले. मग बसले. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. पहिल्या दहा मिनिटांत मी तीनदा डाव्या हाताने दाराला धडक दिली आणि प्रत्येक वळणाला इंडिकेटरऐवजी वायपर लावला. लख्ख ऊन आणि आमचे वायपर फिरतायत. सर्कलला उजवीकडून शिरायचं, डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. नवरा दर सर्कलला "उजवीकडे, उजवीकडे" असा जप करत होता. फ्लॉरेन्स ते सिएना रस्त्याला टोल नाही, पण तो अरुंद आहे, कडेला थांबायला धड जागा नाही, आणि वेगाचे कॅमेरे आहेत. मागचा माणूस कितीही चिकटला तरी मी नव्वदच्या वर गेले नाही.

सिएना मागे पडलं आणि रस्ता रिकामा झाला. व्हाल दोर्चाचा तो भाग: कापलेल्या गवताचे, गव्हाचे डोंगर, टेकडीच्या कण्यावर एक घर, त्याकडे जाणारी सायप्रसची रांग. "अलिबागच्या सुरूंना इस्त्री केल्यासारखी," आई म्हणाली. आमचं राहायचं घर पिएन्झापासून पाचेक किलोमीटरवर, शेवटचा दीड किलोमीटर पांढऱ्या खडीचा. तिथे बस नाही, रेल्वे तर नाहीच. सगळ्यात जवळचं मोठं स्टेशन किउसी, तिथून पुढे गाडी लागणारच. संध्याकाळी मी एकटी गाडी घेऊन गावातल्या कोऑपमध्ये तांदूळ, टोमॅटो, दही घेऊन आले. येताना खडीच्या रस्त्यावर एक ससा पुढे पळत होता, त्याच्यामागे मी दुसऱ्या गिअरमध्ये. घरी पोचले तर आईने सोबत आणलेली मुगाची डाळ भिजत घातली होती. खिचडी, मेतकूट घातलेलं दही आणि पिएन्झाचं पेकोरिनो चीज असं जेवण त्या रात्री आम्ही अंगणात बसून केलं. बाबांनी मान्य केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी तयार होऊन ते गाडीच्या पुढच्या सीटवर बसले होते, मांडीवर नकाशा घेऊन.

त्याच दिवशी दुपारी आम्ही एका टेकडीवरच्या गावात गेलो. पार्किंग खाली होतं, निळ्या पट्ट्यांचं, पैसे भरून. आईचे गुडघे आदल्या दिवसापासून बोलत होते आणि चढ खडा होता. मी म्हटलं, वेशीपर्यंत नेऊन सोडते तुम्हाला. वेशीजवळ एक पाटी, तिच्याखाली लाल अक्षरांत उजळलेलं 'वार्को आत्तीवो'. झेडटीएलबद्दल मी महिनाभर वाचलं होतं, फ्लॉरेन्सचा नकाशा पाठ होता. पण इथे मी सरळ अर्थ लावला: फाटक चालू. चालू म्हणजे जायला मोकळं. गेले आत. दगडी गल्ली, दोन्ही आरसे भिंतीला लागायच्या बेतात. आई मागून म्हणाली, "अगं, सगळे चालतायत. आपणच कशा गाडीत?" मी म्हटलं, "दुपारची वेळ आहे, गाड्या कमी." चौकात त्यांना उतरवलं, वळवून बाहेर आले. रात्री फोनवर शब्द तपासला. चालू होता तो कॅमेरा.

घरच्यांना मी तेव्हा सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरून गाडी परत केली, पुन्हा व्हिडिओ काढला, ट्रामने स्टेशन. व्हेनिसच्या गाडीत मला गाढ झोप लागली. त्यात फारसं काही चुकलं नाही म्हणतात. फ्लॉरेन्स ते बोलोन्या हा २००९ चा नवा मार्ग जवळजवळ सगळा बोगद्यातून आहे, खिडकीत आपलंच तोंड दिसतं. खंडाळ्याच्या बोगद्यांच्या मधल्या उजेडाची सवय असलेले बाबा अर्धा तास उजेडाची वाट बघत बसले. रेल्वेतून देश बघायला मिळतो हा त्यांचा मुद्दा या तुकड्यापुरता तरी मी शीटमधून काढून टाकला.

व्हेनिसला मेस्त्रे स्टेशनवर उतरायचं नाही, ते मुख्य भूमीवर. पुढचं सांता लुचिया. मधला पूल लागला, दोन्हीकडे पाणी, शेजारून मोटारींचा रस्ता. स्टेशनच्या दारातून बाहेर आलं की पायऱ्या, आणि पायऱ्या संपतात तिथे कालवा, थेट. आई पायरीवरच बसली. "इथपर्यंत आगगाडी आणून सोडते?" दहा मिनिटं आम्ही कुणी बॅगांना हात लावला नाही. हॉटेल नवऱ्याने मुद्दाम स्टेशनच्याच बाजूला, एकही पूल न ओलांडता पोचता येईल असं घेतलं होतं. व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या असतात, बॅगेची चाकं तिथे काही कामाची नाहीत. शीटमधली ही त्याची सगळ्यात हुशार ओळ, आणि ती ना रेल्वेच्या रकान्यात होती ना गाडीच्या.

ऑगस्टमध्ये माझ्या जुन्या कार्डावरून पन्नासेक युरो कापले गेल्याचा मेसेज आला: माझी माहिती तिथल्या अधिकाऱ्यांना कळवल्याची फी. करारात तसं लिहिलेलं होतं. तेव्हा घरी सांगावं लागलं. खरा लिफाफा फेब्रुवारीत आला, आत इटालियन आणि इंग्रजीत मजकूर, गाडीच्या मागच्या नंबरप्लेटचा फोटो, आणि शंभरच्या घरातली रक्कम. नवऱ्याने शीट उघडून गाडीच्या रकान्यात दोन ओळी वाढवल्या. बाबांनी बेरीज विचारली, पण वर काही बोलले नाहीत. ते मला अवघड गेलं. आईने कागद घेतला, चष्मा लावला आणि वेळेवर बोट ठेवलं.

"सोळा एकेचाळीस म्हणजे किती गं?"

"पावणेपाच."

"मग बरोबर," ती म्हणाली. "तेव्हाच म्हटलं मी, सगळे चालतायत म्हणून."

मी पैसे भरायचं पान उघडलं.